दुकानात चिप्स आणि बीफ जर्की, पुढचं दुकान दीडशे किलोमीटरवर

या वेळी पत्रं जवळजवळ सगळी एकाच वाटेची आली, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल उर्फ पीसीटी. मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पोपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन अशी तीन राज्यं, साधारण ४,२६५ किलोमीटर, चालायला पाचेक महिने. गंमत म्हणजे चालण्याबद्दल कोणी फारसं विचारलेलंच नाही, सगळे विचारतायत की खायचं काय आणि ते मिळणार कुठे. बरोबरच आहे, पाय काय, आपोआप चालायला लागतात.

एप्रिलमध्ये पीसीटी सुरू करतोय. पाच महिन्यांचं जेवण आधीच पॅक करून तीस बॉक्स करायचा प्लॅन आहे, चुलतभाऊ सॅन होजेला असतो, तो एकेक पोस्ट करेल. ठीक आहे ना?
*एक वाचक, पुणे*

नको रे. हा तीस बॉक्सचा प्लॅन जवळजवळ प्रत्येक नवखा करतो, एक्सेल शीट बनते, घरभर ओट्सची पाकिटं पसरतात, आणि मे संपेपर्यंत ज्या चवीवर आपण फिदा होतो तिचा वाससुद्धा नको होतो. शिवाय तीन-चार आठवडे चालल्यावर भूक अशी काही खवळते की घरी २,५०० कॅलरीत भागवणाऱ्या माणसाला ४,००० पण पुरत नाहीत, म्हणजे आज पुण्यात बसून केलेलं गणित तेव्हा कामाचंच राहत नाही. आणि पोस्टेज. तीस बॉक्सच्या पोस्टेजमध्ये निम्मा किराणा येईल.

नकाशावर गाव केवढं दिसतंय ते बघू नकोस, तिथलं दुकान काय विकतं ते बघ. दक्षिण कॅलिफोर्नियात आयडलवाइल्ड, बिग बेअर, राइटवुड, टेहाचापी इथे बऱ्यापैकी किराणा मिळतो, बिग बेअर आणि टेहाचापीला तर मोठी सुपरमार्केटं आहेत, तिथे बॉक्स पाठवणं म्हणजे निव्वळ हौस. (वाटेत ज्युलियनला जा, तिथल्या एका बेकरीत पीसीटीचं परमिट दाखवलं की ॲपल पायचा तुकडा फुकट मिळत आलाय, त्याला नाही म्हणू नये.) पुढे साउथ लेक टाहो आणि ऑरेगनमधलं ॲशलँड, तिथेही सगळं मिळतं.

खरी अडचण मधल्या गावांची. वॉर्नर स्प्रिंग्स, १७५ किलोमीटरवर, पोस्ट ऑफिस आहे पण किराणा जेमतेमच. सिएरा सिटी म्हणजे एक रस्ता आणि त्याच्या दोन बाजू. बेल्डनला ट्रेल थेट गावातूनच जाते, पण गाव म्हणजे फेदर नदीकाठचा एक रिसॉर्ट, त्यात वीकेंडला कधी कधी म्युझिक फेस्टिव्हल असतो, तू तीन दिवसांच्या घामासकट पोचतोस आणि तिथे चमचमणारे कपडे घातलेले लोक नाचत असतात. सियाड व्हॅलीलाही एवढंसं दुकान आणि त्यानंतर लगेच ऑरेगनच्या दिशेने छातीवर येणारा चढ. या गावांतली दुकानं वाईट आहेत असं नाही, पण जूनमध्ये एकाच दिवशी चाळीस भुकेले हायकर उतरले की टॉर्टिया, पीनट बटर आणि रॅमेन दुपारपर्यंत साफ, मग उरतात चिप्स, बीफ जर्की आणि मासे पकडायचे गळ. बॉक्स पाठवायचे ते अशाच ठिकाणी.

आणि केनेडी मेडोज. ट्रेलवर १,१३० किलोमीटर चालून झाल्यावर हे दुकान येतं, वाळवंट संपून सिएरा नेवाडाची डोंगररांग सुरू होते, नवीन हायकर आला की व्हरांड्यात बसलेले सगळे टाळ्या वाजवतात. तिथे बॉक्स हवाच, कारण पुढे बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता येणार नाही असा खाण्याचा डबा, लागतो, तो चुलतभावाला इथेच पाठवायला सांग, वाळवंटभर सव्वा किलोचं प्लास्टिकचं पिंप उगाच कशाला वाहायचं. आता लक्ष दे, केनेडी मेडोज दोन आहेत. एक हे, दक्षिणेचं, आणि दुसरं सोनोरा पास या खिंडीजवळचं, उत्तरेचं, दोघांत ट्रेलने पाचशे किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडे हायकरचे बॉक्स घेतात आणि दरवर्षी कोणाचा तरी कॅनिस्टर चुकीच्या केनेडी मेडोजला जाऊन पडतो. पत्ता कॉपी-पेस्ट करताना तीनदा बघ.

तर घरून निघणारे बॉक्स पाच-सहा पुरे. बाकीचे चालता चालता स्वतःच करायचे. ॲशलँडला मोठी खरेदी करून ऑरेगनमधल्या क्रेटर लेक, शेल्टर कोव्ह अशा ठिकाणांसाठी पुढे पाठवायचं, आणि कोलंबिया नदीवरच्या कॅस्केड लॉक्सला पोचलास की तिथून, किंवा बस पकडून पोर्टलँडहून, वॉशिंग्टनचे चारही बॉक्स एकदम पोस्ट करायचे: व्हाइट पास, स्नोक्वालमी पास, स्टीव्हन्स पास, स्टेहेकिन. व्हाइट पासला दुकान म्हणजे पेट्रोल पंपाला लागून असलेलं दुकान, आणि तिथून स्नोक्वालमी जवळपास १६० किलोमीटर. वॉशिंग्टनमध्ये बॉक्स न पाठवणारे लोक आहेत, पाच दिवस गोळ्या-बिस्किटांवर काढतात आणि वर त्याचा अभिमान बाळगतात, तू त्यांच्या नादी लागू नको.

भावाला एकच सांगून ठेव, बॉक्स भरून ठेव पण टेप लावू नकोस. पोस्ट करायच्या आदल्या दिवशी तुझा मेसेज गेला पाहिजे, ओट्स काढ, शेंगदाणे डबल कर, नवे मोजे टाक. आणि अमेरिकन पोस्टाच्या प्रायॉरिटी मेलनेच पाठवायला सांग, कारण तो बॉक्स उघडला नसेल तर पोस्टातून पुढच्या गावाला फुकट फॉरवर्ड करून मिळतो. समज गावात पोचल्यावर दुकान तुडुंब भरलेलं दिसलं, तर बॉक्स न उघडता पुढे ढकलून द्यायचा.

शनिवारी दुपारी एक वाजता गावात पोचलो, पोस्ट बंद. सोमवारीही सुट्टी. त्या बॉक्समध्येच सगळं जेवण होतं. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?
*एक वाचक, बंगळूर*

सोमवारची सुट्टी म्हणजे मेचा शेवटचा सोमवार, मेमोरियल डे, असणार. त्याशिवाय १९ जून, ४ जुलै आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार, या चार तारखा फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा, हायकिंगच्या हंगामात पोस्टाला एवढ्याच मोठ्या सुट्ट्या. तासांचं मात्र वेगळं आहे. २०१२ पासून अमेरिकन पोस्टाने हजारो छोट्या पोस्टांचे तास कापून सहा, चार, काही ठिकाणी तर दोनवर आणले, त्यामुळे गावात पोस्ट आहे एवढं कळून उपयोग नाही, ते कोणत्या वारी किती ते किती उघडं हे बघायचं, जेवणाची सुट्टी धरून. शनिवारी बरीचशी दोनेक तास उघडी असतात किंवा नसतातच.

म्हणून जिथे दुकान, मोटेल किंवा रिसॉर्ट बॉक्स ठेवून घेतं तिथे पोस्टाऐवजी त्यांच्याकडे पाठवा. ते पैसे घेतात, घेऊ देत, रविवारी संध्याकाळी सहाला तुमच्या हातात बॉक्स देणार आहेत ते. जिथे पोस्टच आहे तिथे मागच्या गावातून निघताना एका दिवसाचं खाणं जास्त घ्या, जड वाटलं तरी. आणि गुरुवारी कळलं की शनिवारी दुपारी पोचणार, तर एक तर पाय उचलून सकाळी पोचायचं, नाहीतर सरळ रेंगाळत सोमवारी सकाळी उतरायचं. मधल्या वेळी पोचलं की दोन रात्री मोटेलचं भाडं आणि दिवसाला तीन बर्गर, तिथेच खरा खिसा कापला जातो.

माझी मुलगी एकटी ही वाट चालते आहे. सप्टेंबरमध्ये तिचा वाढदिवस, तेव्हा ती स्टेहेकिन नावाच्या गावी असेल म्हणाली. बेसनाचे लाडू पाठवायचे आहेत. नाशिकहून पोचतील का? आणि ही मुलं गावात जायला अनोळखी गाड्यांना हात करतात म्हणे, ते ऐकून माझा जीव वरखाली होतो.
*एक आई, नाशिक*

काकू, नाशिकहून थेट नका पाठवू. दुधातुपाच्या घरगुती वस्तू म्हटल्या की अमेरिकन कस्टम्समध्ये अडकायची शक्यता, आणि स्टेहेकिनला बाहेरून मोटारीचा रस्ताच येत नाही. लेक शेलान नावाचं ऐंशी किलोमीटर लांब तळं आहे, त्याच्या वरच्या टोकाला हे शंभरेक वस्तीचं गाव, यायचं तर बोटीने, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने नाहीतर चालत. टपालही बोटीने येतं. तिची कोणी मैत्रीण, मावशी, कोणीही अमेरिकेत असेल तर तिला रेसिपी पाठवा, लाडू तिकडे वळू देत, इंडियन ग्रोसरीत बेसन आणि तूप दोन्ही मिळतं. डब्यात गच्च बसवायला सांगा, वर रिकामी जागा राहिली की वाटेत भुगा होतो, झाला तर होऊ दे म्हणा, पोरगी चमच्याने खाईल. पोचायच्या तारखेच्या दोन आठवडे आधी पोस्टात पडले पाहिजेत.

पत्ता असा. पहिल्या ओळीत तिचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव. ट्रेलवर सगळ्यांना टोपणनावं पडतात, तिलाही पडलं असेल, ते बॉक्सवर घालायचं नाही कारण पोस्टात ओळखपत्र दाखवावं लागतं. दुसऱ्या ओळीत जनरल डिलिव्हरी. मग गाव, राज्य, झिप कोड. कोपऱ्यात मोठ्या अक्षरात "पीसीटी हायकर" आणि ती अंदाजे कधी येणार ती तारीख, हे अर्थातच इंग्रजीत. जनरल डिलिव्हरी म्हणजे टपाल तिथल्या पोस्टातच थांबतं, साधारण महिनाभर, घरी कोणी आणून देत नाही. खाजगी कुरियरने पाठवू नका म्हणावं, ते जनरल डिलिव्हरीला चालत नाही. एखादी रंगीत टेप गुंडाळली की दीडशे तपकिरी खोक्यांत ते पटकन दिसतं. आणि मुलीला सांगून ठेवा, सापडत नाही म्हणाले तर आडनावाखाली नाही, पहिल्या नावाखाली शोधायला सांग, आपली नावं बघून तिथल्या माणसाचा गोंधळ होतो आणि बॉक्स भलत्याच खणात जाऊन बसतो.

राहिलं गाड्यांना हात करण्याचं. तुमची काळजी खोटी नाही, पण ती म्हणते ते पण खरं आहे, बऱ्याच ठिकाणी दुसरा इलाजच नसतो. ट्रेलजवळच्या गावांतल्या लोकांना हायकरची सवय असते, पाठीवरची सॅक बघूनच ते थांबतात. तरी मुली सहसा दोघी-तिघी मिळून जातात, गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो बसायच्या आधी कोणाला तरी पाठवतात, सॅक डिकीत न टाकता मांडीवर घेतात आणि मनात पाल चुकचुकली तर "माझी मैत्रीण मागून येतेय, आम्ही थांबतो" म्हणून सोडून देतात. ती हे करते का एवढंच विचारा, हात करू नको असं म्हणू नका, नाहीतर ती करेल आणि तुम्हाला सांगणार नाही. स्टेहेकिनला तर हा प्रश्नच नाही, ट्रेलवरच्या हाय ब्रिजपासून गावापर्यंत शटल बस आहे, ती वाटेत बेकरीपाशी थांबते आणि ती बेकरी ट्रेलभर इतकी प्रसिद्ध आहे की लोक तिच्या आशेवर शेवटचे शंभर किलोमीटर काढतात. तुमच्या लाडवांना कॉम्पिटिशन आहे बरं.

पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. छोट्या गावांतल्या दुकानांत माझं भागेल का? घरून काय करून नेता येईल?
*एक वाचक, फ्रीमॉन्ट*

भागेल, पण पाकिटं उलटून वाचायची सवय लावा. भाताची-नूडल्सची जी झटपट पाकिटं मिळतात त्यातल्या "चीज-ब्रोकोली" वाटणाऱ्या चवीतही चिकन पावडर सापडते, मार्शमेलोत जिलेटिन, काही डब्यातल्या राजम्यात डुकराची चरबी. बिनधोक म्हणजे टॉर्टिया, पीनट बटर, ओट्स, शेंगदाणे-बदाम, साधा इन्स्टंट बटाटा (तोही वाचून), आणि रॅमेनचा मसाला फेकून आपला घालायचा. काळा नाहीतर गोडा मसाला एका छोट्या डबीत, पन्नास ग्रॅमने जन्म सार्थकी लागतो.

घरून करायचं तर मुगाची खिचडी. मऊ शिजवायची, फोडणी अगदी नावाला, तेल-तूप जवळजवळ नाहीच, कारण वाळवलेल्या पदार्थात स्निग्ध जास्त असलं की ते खवट होतं. डीहायड्रेटरच्या ट्रेवर पातळ पसरायची, ५५-६० अंशांवर आठ-दहा तास, मधे एकदा उलटायची, बोटात धरून चुरली की खळखळ वाजली पाहिजे, लवचिक लागली तर आत अजून ओल आहे. वाटेत दीडपट-दुप्पट उकळतं पाणी घालून भांडं जाकिटात गुंडाळून वीस मिनिटं ठेवायचं आणि वरून तूप. कच्चे डाळ-तांदूळ मात्र नेऊ नका, सिएरामध्ये तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं, डाळ काही केल्या शिजत नाही आणि गॅस मात्र संपतो.

गॅसवरून आठवलं, गॅसचा डबा बॉक्समध्ये टाकून पोस्ट करू नका, प्रायॉरिटी मेल विमानाने जाते, त्यात तो चालतच नाही. गावात विकत घ्यायचा, किंवा हायकर बॉक्समध्ये शोधायचा. हा बॉक्स म्हणजे दुकानाबाहेर ठेवलेलं खोकं, नको ते टाका, हवं ते उचला. अर्धवट भरलेले डबे तिथे नेहमी असतात, आणि पुण्याच्या वाचकासारख्या तीस बॉक्सवाल्यांनी टाकलेले ओट्सही.

चूल न नेणाऱ्यांसाठी आपले पातळ पोहे सोनं आहेत, गार पाण्यात पाच मिनिटांत तयार, मेतकूट, दाण्याचं कूट, तिखट-मीठ, बास. फक्त वजनाचा हिशोब ठेवा. दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम खाणं धरतात, पोह्यात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी, शेंगदाण्यात ५६० च्या पुढे, तुपात ९००. नुसत्या पोह्यांवर राहिलात तर सॅक जड आणि पोट रिकामं. म्हणून मी म्हणेन चिक्की हवी तेवढी न्या, दाण्या-गुळाची, तीळाची, कुठलीही. बेअर कॅनिस्टरमध्ये हे सगळं बसवायला लागेल, टूथपेस्ट आणि सनस्क्रीनसकट, वास येणारं सगळं आत. पाकिटं फोडून साध्या झिपच्या पिशव्यांत भरा, निम्मी जागा तर हवाच खाते. आणि सिएरामधल्या म्यूर ट्रेल रँचला सामान पाठवणार असाल तर ते पुठ्ठ्याचं खोकं घेत नाहीत, उंदरांमुळे प्लास्टिकची झाकणवाली बादलीच लागते.

मी नर्मदा परिक्रमा केली आहे. खिशात काही नसताना रोज जेवलो. तुमच्या या ट्रेलला एवढं प्लॅनिंग कशाला?
*एक वाचक, कोल्हापूर*

काका, कारण तिथे सदावर्त नाही. नर्मदेच्या काठी वस्ती आहे, आश्रम आहेत आणि परिक्रमावासी उपाशी जाऊ नये ही गावाची रीत आहे. पीसीटी मुद्दाम वस्तीपासून लांब, डोंगरधारेने नेलेली आहे. वाटेत कूलरमध्ये कोल्ड्रिंक ठेवून जाणारे, घरी अंघोळीला बोलावणारे लोक भेटतात, त्यांना ट्रेल एंजल म्हणतात, आणि ते भेटले की डोळ्यांत पाणी येतं हे खरं. पण त्यांच्या भरवशावर पाच दिवसांचा टप्पा काढू नये. सिएरामध्ये केनेडी मेडोजपासून कियरसार्ज पासच्या फाट्यापर्यंत १४० किलोमीटर दुकान नाही, मधे फॉरेस्टर पास, चार हजार मीटर उंच, जूनमध्येही बर्फ असतो. आणि त्या फाट्यावरून मुख्य वाट सोडून बारा किलोमीटर, पास ओलांडून खाली उतरल्यावर गाडीरस्ता लागतो, मग लिफ्ट मागून इंडिपेंडन्स गाव. तिथे दुकान छोटंच, म्हणून बरेच जण पुढे बिशपला जातात. सगळं घेऊन पुन्हा तोच पास चढायचा, या वेळी आठवड्याचं ओझं पाठीवर.

शेवटच्या टप्प्याला किती खाणं लागेल? जुनी माहिती वाचली त्यात स्टेहेकिन ते कॅनडातलं मॅनिंग पार्क एवढंच धरलं आहे.
*एक वाचिका, ठाणे*

ती माहिती आता टाकून द्या. पूर्वी पीसीटीवरून चालत कॅनडात शिरायची परवानगी अर्ज करून मिळायची, ती पद्धत कॅनडाने जानेवारी २०२५ मध्ये बंद केली. आता सीमेवरच्या खांबांपर्यंत जायचं, फोटो काढायचा आणि आल्या वाटेने परत फिरायचं, जवळपास पन्नास किलोमीटर, हार्ट्स पासपर्यंत, तिथे गाडीरस्ता आहे. म्हणजे स्टेहेकिन ते सीमा साधारण १३० आणि वर हे पन्नास, एकूण १८० किलोमीटर. बॉक्स भरताना दोन-तीन दिवसांचं जास्त धरा, सप्टेंबरअखेर तिथे बर्फ पडायला लागतो आणि वेग कमी होतो.

एवढं उचलवत नसेल तर स्टेहेकिननंतर दिवसभराच्या चालीवर रेनी पास लागतो, तिथे हायवे आहे, लिफ्ट घेऊन मझामा किंवा विनथ्रॉपला जाऊन भर घालता येते. जाता जाता हार्ट्स पासला झाडाखाली खाणं पुरून ठेवायचा विचार मनात आला तर सोडून द्या, अस्वल तुमच्या आधी पोचेल आणि पुढच्या माणसाला त्रास होईल. हार्ट्स पासवरून खाली मझामापर्यंत कच्चा घाटरस्ता आहे, बस नाही, त्यामुळे परत येताना तिथे गाडीची वाट बघण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, त्या अर्ध्या दिवसाचं खाणंही हिशोबात धरा.